चाफा, काजू आणि गुरवाचा गुडघा

बसा मंडळी, बसा. मांडी घालता येत असेल त्यांनी घाला, नसेल त्यांनी पाय लांब करा. देव काही पायांकडे बघत नाही म्हणतात. बघतो की नाही, ते आपण शेवटी पाहू!

आज एकच प्रश्न. गावात काही निर्णय घ्यायचा आहे, दोन तट पडले आहेत, काही सुचत नाही — तर आधी कोणाला विचारावं?

काय म्हणालात? देवाला? वा! पुढच्या रांगेचं उत्तर आलं. पुढच्या रांगेचं उत्तर नेहमी लवकर येतं, आणि नेहमी अर्धवट असतं. रागावू नका. आता ऐका.

कोकणात कोंडवळे नावाचं गाव आहे. नकाशावर सापडणार नाही, नकाशा काढणारे वाटेत माझ्यासारख्या कुणाशी तरी गप्पा मारत बसले. तिथे भगवतीचं देऊळ. काळ्या पाषाणाची मूर्ती, चार हात, डोळे असे, की खोटं बोलणारा माणूस प्रदक्षिणा घालताना नेमका मागच्या बाजूला जास्त वेळ थांबतो. देवळाच्या दाराशी बकुळीचं जुनं झाड होतं. ते एका वादळात पडलं. खड्डा उरला. जागा एकाच झाडापुरती, बाकी सगळा कातळ!

आणि सुरू झाला की हो वाद! त्या खड्ड्यात लावायचं काय?

देवस्थानचे अध्यक्ष बापू खानविलकर म्हणाले, "काजू!"

का? तर शेजारच्या गावच्या भंडाऱ्यात बापू जेवून आले होते. तिथे शिऱ्यात काजू! आणि आपल्या देवीच्या शिऱ्यात? नुसता रवा. त्या रात्रीपासून बापूंना झोप नाही. "अरे, आपली देवी काय गरीब आहे?"

दुसऱ्या बाजूला देवीचा गुरव धोंडू. तो म्हणाला, "बापूनु, देवचाफा लावूया."

धोंडूचं कारण वेगळं. त्याचा उजवा गुडघा! चार पावसाळे सुजलेला. इतका, की तो पारावर बसला तर लोक विचारायचे, "धोंडू, कलिंगड कुठलं आणलंस?" खोटं असेल तर ही चिपळी हातातून पडेल! — (खण्ण!) — ...घामानं निसटली. सदूभाऊ, तुम्ही पेटीकडे बघा, माझ्याकडे नको.

तर देवीच्या पूजेला फुलं यायची पऱ्ह्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, टेकडीवरून. रोज पहाटे चढायचं, रोज उतरायचं. आणि गावाचा नियम असा — सूर्य उगवायच्या आत देवीच्या डोक्यावर फूल दिसलं नाही, तर पूजा दुसऱ्या घराकडे. धोंडूच्या सात पिढ्यांची पूजा त्या एका गुडघ्यावर उभी! दाराशी चाफा असता, तर दहा पावलांत काम.

पण हे त्यानं सांगितलं का? नाही. गुडघा दुखतो म्हणावं, तर लोक म्हणणार, "मग दे पूजा सोडून." म्हणून तो म्हणाला, "चाफा शोभतो देवळाला."

बापू हसले. "शोभतो? थंडीत पानं झडली की तुझा चाफा नुसता सांगाडा! तेव्हा देवीला काय काटक्या वाहणार? काजू बघ. बारा महिने हिरवा. पाणी मागत नाही, कातळावर वाढतो. बी खा, बोंड खा."

मंडळी, बोंडांचं पुढे काय होतं ते मी कीर्तनात सांगत नाही. मागच्या रांगेला माहीत आहे!

धोंडू म्हणाला, "आणि माकडं? बोंडाच्या वासानं सगळं रान देवळावर नाचेल. काजू फळायला तीन-चार वर्षं. चाफ्याची फांदी खोचली की पुढच्या चैत्रात फूल!"

"फूल पोटात जातं काय रे?"

"देवी शिरा मागते काय हो?"

झालं! अर्धा गाव काजूचा, अर्धा चाफ्याचा. पाटावर धुणं धुणाऱ्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शेवटी ठरलं — कौल लावू. देवीलाच विचारू!

कौल म्हणजे काय, हे घाटावरच्या पाहुण्यांना सांगतो. मूर्तीच्या दोन खांद्यांना ओल्या बोटानं फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण या वेळी बापूंनी नवीनच काढलं. "उजव्या खांद्याला चाफ्याची पाकळी, डाव्याला काजूची बी. स्वच्छ काम!"

आणि हे सगळं चिकटवणार कोण? गुरव. म्हणजे धोंडू!

आता सांगा, तुम्ही धोंडू असता तर? माना खाली घालू नका. मी असतो तर मी काय केलं असतं, ते मी सांगत नाही.

धोंडूनं विचार केला. बी जड, पाकळी हलकी. बी आधी पडणार, काजू जिंकणार, माझी पूजा जाणार! म्हणून सकाळी गाभाऱ्यात एकटा असताना त्यानं त्या ओल्या बीचं टरफल कोयत्याच्या टोकानं चिरलं. आतला चीक बाहेर आला, काळपट, दाट. तो बोटांनी बीला फासला आणि बी देवीच्या खांद्यावर दाबून बसवली. पाकळीला मात्र पाण्याचा एक थेंब. झालं काम!

गाव जमला. धोंडूनं गाऱ्हाणं घातलं, "बाये भगवती, तुझ्या दाराक झाड कुठला व्हया ता तूच सांग!"

गाव ओरडला, "होय महाराजा!"

म्हणता म्हणता पाकळी पडली. टप्प! धोंडूनं हात जोडले. "देवीनं चाफा दिला!"

आणि बापू ओरडले, "कसला दिला? चाफा टाकून दिला! काजू बघा, कसा धरून ठेवलाय! आईला काजू हवा!"

मंडळी, इथे कोंडवळे गाव फसलं. आधी ठरवलंच नव्हतं — पडलं ते देवीनं दिलं, की पडलं ते देवीनं नाकारलं! सगळ्यांनी कौलाची तयारी केली, नारळ आणले, ढोल आणला, आणि प्रश्नच ठरवायचा राहिला.

बी काही पडेना. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला. चमत्कार म्हणून तीन गावांची माणसं बघायला आली. बापूंनी काजूचं रोपसुद्धा आणून ठेवलं. "उद्या सकाळी लावायचं!"

धोंडूची कोंडी बघा. गप्प बसावं, तर काजू लागतो आणि गुडघा पूजा घालवतो. खरं सांगावं, तर देवीसमोर लबाडी केली म्हणून पूजा जाते. आणि वर आणखी एक! काजूचा चीक कुणाला सोडतो का? बोटं काळी पडली, फोड आले, कातडं सुटलं. गंध उगाळता येईना. हात उपरण्यात लपवून बिचारा हिंडत होता.

तिसऱ्या सकाळी खड्ड्याभोवती सगळे जमले. बापूंनी रोप उचललं. गर्दीत यशोदा होती, काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाणारी. तिच्या स्वतःच्या बोटांना वीस वर्षांचे डाग. धोंडूनं तीर्थ द्यायला हात बाहेर काढला, तिनं पाहिलं. आणि हळू आवाजात विचारलं,

"दादा, बोटांना काय झालं हो?"

बस्स! एवढंच.

धोंडू सगळं सहन करणार होता. शिव्या, दंड, सगळ्याची तयारी होती. पण असं कुणी विचारेल, याची तयारी नव्हती! तो खाली बसला. बसताना गुडघा असा वाजला की ढोलवाला दचकला.

"बापूनु, बी मी चिकटवली. चिकानं. पाकळी पडली तर चाफा मिळेल म्हणून."

"देवीसमोर लबाडी? का पण?"

त्यानं धोतर वर केलं. गुडघा दाखवला. "टेकडी चढवत नाही हो आता."

बापूंच्या हातात रोप तसंच.

"कधीपासून हे?"

"चार पावसाळे."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

बापूंनी रोप खाली ठेवलं. मग म्हणाले, "उद्यापासून फुलं मी आणतो. तुझी पूजा कुणी काढणार नाही."

पहिल्या दिवशी बापू टेकडी चढले, उतरले, आणि पायरीवर बसून पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी चढताना दोनदा बसले. तिसऱ्या दिवशी फुलं आणली, सोबत चाफ्याची फांदी आणली, आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात खोचली! देवीनं सांगितलं नव्हतं. कौल लावला नव्हता. बापूंच्या पोटऱ्यांनी सांगितलं!

आणि बी? मृगात देवीवर अभिषेक चालला असताना ती आपोआप सुटली, पाण्याबरोबर गोमुखातून बाहेर गेली आणि तिथल्या कातळाच्या भेगेत रुजली. चिरलेली बी रुजते का, असं शेतकी खात्यातल्यांनी विचारू नये. मी त्या झाडाचे काजू खाल्ले आहेत. शिऱ्यातून!

म्हणजे चाफा बरा की काजू? दोन्ही बरे हो! एक डोक्यावर जातो, एक पोटात. झाडांचं भांडण नव्हतंच. सगळ्या गावानं देवीला विचारलं, आणि तिची पूजा करणाऱ्याला चार वर्षांत कुणी एक शब्द विचारला नाही.

हसताय? बरं. आता मी विचारतो. तुम्ही बसला आहात त्या सतरंज्या आज दुपारी एकट्या माणसानं झाडून अंथरल्या. तो तिथे खांबाला टेकून उभा आहे, मघापासून, कारण बसला तर त्याला उठवत नाही. मी आल्या आल्या विचारलं, म्हणून मला कळलं.

त्याचं नाव कोण सांगतो?

...पुढची रांग? अध्यक्ष? कोणीच नाही?

मग आज आरतीचं ताट आधी देवाकडे नको. आधी खांबाकडे न्या. नाव विचारा. आणि कुणीतरी एक खुर्ची आणा हो!