माईबंदर

दादा : मग चारही जहाजं दक्षिणेकडे वळवा. या खेळीत खडकापर्यंत, पुढच्या खेळीत माईबंदरात. काय झालं, भावोजी? माउसचा आवाज नाही आला.

भावोजी : चहा निवतोय तुमचा.

दादा : निवू दे. ही जुनी होडगी उघड्या समुद्रात कुठल्याही खेळीत बुडू शकतात, दोनच्या वर तर टिकतच नाहीत, हे तुम्हीच मला खेळाच्या पुस्तिकेतून वाचून दाखवलं होतंत. निम्मं सैन्य आहे आपलं त्यांच्यावर.

भावोजी : उत्तरेला एक बेट आहे. तिथे नेली तर?

दादा : ते चार खेळ्या लांब. घरचं बंदर दोनवर असताना? डोळे गेलेत माझे, नकाशा नाही गेला. सगळा इथे डोक्यात आहे.

भावोजी : नकाशा बदललाय, दादा.

दादा : कुठे?

भावोजी : माईबंदर आपलं राहिलेलं नाही.

दादा : कधीपासून?

भावोजी : तीन गुरुवार झाले.

दादा : मागच्या गुरुवारी मी विचारलं, तिथे धान्य किती. तुम्ही म्हणालात, कोठार भरलंय.

भावोजी : म्हणालो.

दादा : त्याच्या आधी म्हणालात, मासेमारीच्या नावा परतल्यात, किनाऱ्यावर जाळी वाळत घातलीयेत.

भावोजी : ते तर खेळात दिसतही नाही. मी माझ्या मनानं घातलं. तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं, म्हणून आणखी घातलं.

दादा : गेलं कसं?

भावोजी : तुम्ही तट बांधायला सांगितला होतात. मी ग्रंथालय बांधायला घेतलं.

दादा : बंदरात. ग्रंथालय.

भावोजी : शेजाऱ्यांशी तह होता. वीस खेळ्यांचा, असं मी धरून चाललो. तो दहाचा निघाला. आणि तिथले धनुर्धारी नुसते बसून खात होते, म्हणून ती तुकडीही मोडली. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावली, क्रमांक चिकटवले. वाटलं, एकदा आपणही एखादं ग्रंथालय उभारावं. पूर्ण झालं की सांगणार होतो तुम्हाला. तुमची नजर होती तोवर मी शेजारी बसून मान डोलवायचो. माउस हातात आला आणि पहिल्याच निर्णयात माती खाल्ली.

दादा : चुका होतात हो. मी काय कमी राज्यं घालवली? पहिल्या उन्हाळ्यात राजधानीच वाळवंटात वसवली होती. तुमची बायको चहा ठेवायला यायची आणि विचारायची, आज कुणाचं बुडालं. सख्खी बहीण माझी, पण कायम तुमच्या बाजूची.

भावोजी : आणि माई आतून सांगायच्या, बुडवा काय बुडवायचं ते, आवाज करू नका.

दादा : अख्ख्या संसारात ती एकदाच खेळली.

भावोजी : एकच खेळी. हाच डाव, आठ वर्षांपूर्वीचा. तुम्ही पाणी प्यायला उठलात. त्या तुमच्या खुर्चीत बसल्या आणि ते बंदर वसवून मोकळ्या झाल्या. तुम्ही आल्यावर कुरकुरलात, इथे शेती नाही, लोखंड नाही, ही काय जागा आहे. तर म्हणाल्या, समोर पाणी आहे, बसायला बरं.

दादा : म्हणून लपवलंत.

भावोजी : त्या गेल्या. मग तुमची नजर गेली. त्यात हेही माझ्याच हातून जावं... जीभ रेटेना, दादा.

दादा : पस्तीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढली मी. पुढच्या केबिनवाला फोनवर म्हणायचा, लाइन मोकळी आहे, की मी गाडी सोडायचो. मला थोडीच दिसायची पुढची लाइन? त्याच्या शब्दावर आठशे माणसं जायची. मला बरं वाटावं म्हणून एकानंही कधी काही सांगितलं नाही.

भावोजी : कळतंय मला.

दादा : आणखी काय काय सांगितलंत असं? डॉक्टरांचा कागद तुम्हीच वाचलात. लेकीचे निरोपही तुम्हीच वाचता.

भावोजी : डॉक्टरांचा कागद जसाच्या तसा. लेकीच्या निरोपात कुठे शुद्धलेखन सुधारलं असेल मनातल्या मनात.

दादा : ते ऐकून काय कळणार मला?

भावोजी : नाहीच कळत. तेवढंच केलंय. शपथ घालायची तर घाला. आणि वाटलं तर पुढच्या गुरुवारपासून दुसऱ्या कुणाला बोलवा. मी राग मानणार नाही.

दादा : दुसरं कोण मोकळं बसलंय? जहाजं बुडतायत, आधी ती बघा.

भावोजी : जतन केलेला जुना डाव उघडू? चार गुरुवार मागे जाता येईल.

दादा : मागे जायचं नाही. आठ वर्षांत एकदाही गेलो नाही. शेजाऱ्यांकडे काय कमी आहे ते सांगा.

भावोजी : छपाई नाही त्यांच्याकडे. आपल्याला येते. ती विद्या देऊन बंदर परत मागता येईल. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

दादा : मागून बघा.

(माउसचे दोन-तीन आवाज.)

दादा : काय म्हणतायत?

भावोजी : नाही म्हणतात. घोडे घ्या म्हणतात.

दादा : घोडे काय करायचेत? आता पुढे?

भावोजी : बंदर राहू दे. नुसता आसरा मागू. आपली जहाजं आत घ्यावीत, डागडुजी करू द्यावी. छपाई त्याच्या बदल्यात.

दादा : माईच्या बंदरात परवानगी काढून शिरायचं.

भावोजी : हो. तुम्ही नको म्हणालात तरी मला हेच बरोबर वाटतं.

दादा : मग दाबा की. माझ्याकडे कशाला बघताय?

भावोजी : तुम्हाला कसं कळलं?

दादा : छत्तीस वर्षं बघताय.

भावोजी : मान्य केलं त्यांनी. खेळी संपवतो. जहाजं खडकापाशी आली... तीनच. एक बुडालं, दादा.

दादा : कोण होतं त्याच्यावर?

भावोजी : तुमचं जुनं घोडदळ. वाळवंटाच्या लढाईतलं.

दादा : बरं. पुढे.

भावोजी : दुसरी खेळी. तिन्ही आत आली.

दादा : कसं दिसतंय?

भावोजी : झेंडा त्यांचा आहे, निळा. तट बांधलाय. समोर पाणी तसंच आहे.

दादा : वस्ती किती?

भावोजी : नऊ दाखवतंय. आपल्याकडे सात होती.

दादा : वाढलंय म्हणजे.

भावोजी : वाढलंय. ग्रंथालय मात्र पाडलं त्यांनी.

दादा : हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं.

भावोजी : नसतं चाललं.