पूर्वेकडचं मेहराब

तुम्ही मला चोख माणूस म्हणता ना, मग हे ऐका.

कतारमध्ये रास लफानकडच्या एका रस्त्याच्या कामात मध्ययुगीन चर्चचे अवशेष सापडले होते. तज्ज्ञांनी ते उकरले, मी सर्वेअर म्हणून भिंतींची मापं घेतली आणि टिकावेत म्हणून ते पुन्हा वाळूने झाकले. वर भोवतीने मी खुंट्या ठोकल्या. खुंट्यांच्या आत बुलडोझर न्यायचा नाही, एवढा साधा नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुलडोझरचा ड्रायव्हर रहमत खान याचा फोन आला. "साहब, जल्दी आइए. मैंने मशीन बंद कर दी है."

गेलो तर खान गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू बाजूला करत होता. खुंट्यांच्या बाहेर एक अर्धगोल भिंत वर आली होती. मशिदीत नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा असतो ना, अगदी तशी.

"मेहराब है," तो म्हणाला. "मगर मक्का उधर है और इसका मुँह पूरब को. बनाने वाले से कुछ ग़लती हुई है."

मी धावत मोजणीचं यंत्र आणलं. लावून पाहिलं. एक आकडा मीच चुकीचा घातला होता आणि सगळ्या खुंट्या नऊ मीटर सरकल्या होत्या. अर्धं चर्च बुलडोझरच्या वाटेत होतं. खान थांबला नसता तर खलास.

मी त्याला सांगितलं, "खान, ये मस्जिद नहीं, चर्च है. चर्च का मुँह पूरब को ही होता है."

त्याने मान डोलावली, हात झटकले आणि माझ्या खुंट्यांकडे बघत म्हणाला, "मतलब बनाने वाले सही थे."