बोटभर माया

बायको : ...आणि डाव्या बाजूला जरा खरचटलीय, म्हणून तोंड वाकडं करू नकोस. भिंतीला टेकवताना मीच घासली.

दुकानवाली : खरचटल्याचं सोडा, काकू. पण नेऊन महिनाही झाला नाही. परत कशाला?

बायको : सायकलमध्ये काही खोट नाही गं. खोट माझ्यात आहे.

शिंपी : असं काही नाही हं.

बायको : तुम्ही गप्प बसा. इतक्या हौसेनं आणलीत, म्हणून इतके दिवस मी गप्प बसले.

शिंपी : वाढदिवसाला आणली होती. न सांगता. दारात उभी केली आणि हिला म्हटलं, डोळे मीट—

बायको : तिला माहीत आहे हो. तिनंच विकली ना.

दुकानवाली : पण होतंय काय नेमकं?

बायको : हात बघ. ही अंगठ्याशेजारची दोन बोटं. जरा लांब गेलं की मुंग्या येतात. मग मुंग्याही जातात आणि नुसते दोन खुंट राहतात. मान आखडते, पाठीचं तर विचारूच नकोस.

दुकानवाली : वाकड्या हँडलची पहिल्यांदा चालवताय. थोडी सवय—

बायको : सवयीची वाट बघितली असती मी. पण काल कामावर काय झालं माहितीय? मी काय करते ते ठाऊक आहे ना तुला?

दुकानवाली : लॅबमध्ये रक्त घेता. माझंही घेतलंय. टोचलं कधी ते कळलंच नव्हतं.

बायको : कुणालाच कळत नाही. काल एक आजोबा आले. हात म्हणजे नुसता कागद. अशा हातात शीर दिसत नाही, ती बोटाला लागावी लागते. आणि माझ्या बोटाला काही लागेचना. दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा टोचायची हिंमत झाली नाही, दुसरीला बोलावलं. तर ते आजोबा उलट मलाच म्हणतात, असू दे बाई, वय झालं की व्हायचंच.

शिंपी : हे मला नाही सांगितलंस.

बायको : सांगितलं असतं तर तेल गरम करून बसला असता चोळत.

शिंपी : बसलो असतो. मग?

दुकानवाली : आणि तुमच्या ताईंकडे जायचं होतं ना, समुद्रावर? सायकलने? सायकलवाल्यांच्या सगळ्या गटाला सांगून ठेवलंत तुम्ही.

बायको : सांगितलं तेव्हा दहा बोटं होती. आता बसने जाईन. माणसं जातात बसने. कामावरही बसनेच जाईन. सायकल काय, हौस आहे. हात म्हणजे पोट आहे माझं.

शिंपी : बसला खिडकीपाशी जागा मिळाली तर काही वाईट नसतं.

दुकानवाली : काकू, परत घ्यायची तर घेते. पण त्याआधी ही माझी सायकल घ्या. मी रोज हीच चालवते. जुनी आहे, नाकं मुरडू नका. बसा. पाय टेकवा. ...सीट वरखाली करायला लागणार असं वाटलं होतं. राहू दे. जा आता. गल्ली गोल आहे, फिरून पुन्हा या दारातच याल. थांबू नका, जाता जाता सांगा कसं वाटतं.

बायको : यानं काय होणार?

दुकानवाली : तपासल्याशिवाय निदान करता का तुम्ही?

बायको : टोच, माझीच सुई मला टोच. सरका हो, पायात येऊ नका.

शिंपी : सांभाळून! कोपऱ्यावर वाळू आहे! उजवीकडून घे! अगं उजवीकडून!

दुकानवाली : गेल्या, काका.

शिंपी : हो. गेली.

दुकानवाली : एक विचारू? तुम्ही मला फोनवर मापं दिलीत. पायाची आतली लांबी, खांदा ते मनगट, पाठ.

शिंपी : दिली ना. माझं माप चुकत नाही. लोक लांबून येतात त्यासाठी.

दुकानवाली : त्याच मापांवरून मी फ्रेम काढली. पण आत्ता त्या माझ्या सायकलवर जशाच्या तशा बसल्या. म्हणजे त्या माझ्याएवढ्याच आहेत. आणि तुमच्या मापांनी पाहिलं तर माझ्याहून चांगल्या मोठ्या.

बायको : —अहो, ही तर एकदम—

शिंपी : काय म्हणाली?

दुकानवाली : पुढच्या फेरीला कळेल. काका, तुम्ही मापलं कधी त्यांना?

शिंपी : तिला मापायचं कशाला? लग्न झाल्यापासून तिचे कपडे मीच शिवतोय. झोपेतून उठवून विचार. आतली लांबी, बाही, पाठ, सगळं पाठ आहे. हे बघ, बाही म्हणजे...

दुकानवाली : म्हणजे?

शिंपी : थांब.

बायको : —हलकी, म्हणजे वजनाला नव्हे, मलाच अशी—

शिंपी : अरे देवा. मी तुला माया धरून सांगितलं.

दुकानवाली : काय धरून?

शिंपी : माया.

दुकानवाली : प्रेमाने?

शिंपी : प्रेम कसलं घेऊन बसलीस! शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला म्हणतात माया. माणूस पुढे सुटला, पोर वाढलं, तर उसवून मोठं करता येतं. कापलेलं काही जोडता येत नाही. मी कारागिरांना माप सांगतो ते माया धरूनच. दोन आकडे सांगितले की गोंधळ घालतात. त्यामुळे माझ्या डोक्यात तेवढं एकच राहिलंय. तिचं खरं माप... खरं माप मला आठवतच नाही गं.

बायको : —वाटतेय, आणि हँडल ओढून आणावं लागत नाही, आपणहून—

दुकानवाली : म्हणजे पायात बोटभर माया, हातात बोटभर माया...

शिंपी : पाठीत दोन बोटं. पाठीत मी सढळ हातानं सोडतो.

दुकानवाली : काका, सायकलला शिवण नसते हो! त्या बिचाऱ्या इतके दिवस हात ताणताणून तुमच्या मायेला गाठायला बघतायत. सगळा भार पंजावर. बोटं बधिर होतील नाही तर काय! वय नाही नि बिय नाही. नुसती तुमची माया!

बायको : —कोण माया?—

शिंपी : ऐकलं तिनं.

दुकानवाली : तेवढंच ऐकलं. आता आणखीच जोरात फिरतायत बघा.

शिंपी : पोरी, एक ऐकशील? तिला सांगू नकोस.

दुकानवाली : अहो, उडी मारतील आनंदानं! हात धड आहेत, सायकल मोठी आहे. एवढंच तर आहे.

शिंपी : म्हणूनच.

दुकानवाली : म्हणूनच काय?

शिंपी : ती पहिल्यांदा गटाबरोबर लांब गेली ना, त्या दिवशी मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. शिकाऊ होतो तेव्हासुद्धा असं केलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं तर सांगू काय? बायको सायकलवर गेलीय म्हणून तुम्हाला दोन डावे हात? बाहेर कुठेही हॉर्न जोरात वाजला की कात्री हातातच राहते. आज सकाळी ती म्हणाली, परत करून टाकू. मी म्हटलं, अरेरे. तोंडानं म्हटलं. आतून बरं वाटलं मला.

बायको : —अहो, माया कोण, विचारतेय मी!—

दुकानवाली : मी आपणहून सांगणार नाही, काका. पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

शिंपी : मग न विचारता पटकन सायकल परत घे.

दुकानवाली : दुकानात शिरल्या शिरल्या त्या काय म्हणाल्या? खोट माझ्यात आहे म्हणाल्या.

शिंपी : ऐकलं.

दुकानवाली : तेच घेऊन बसने घरी जातील.

शिंपी : ऐकलं, म्हटलं ना.

बायको : —बोटं बघा! सगळी जागी आहेत! पुढच्या फेरीला थांबतेय, आणि—

शिंपी : कशी हसतेय बघ. घरी अशी हसत नाही.

दुकानवाली : आल्या.

बायको : घ्या, थांबले. दम लागलेला नाही, हात गार नाहीत, मान फिरतेय. आता आधी मला सांगा, ही माया कोण?

शिंपी : कापडाची.

बायको : कुठल्या दुकानातली?

शिंपी : अगं, शिवणीतली! मी हिला तुझी मापं माया धरून सांगितली. सायकल मोठी आलीय तुला. तुझ्या हातांना काही झालेलं नाही.

बायको : काय?

दुकानवाली : पाठीत दोन बोटं जास्त आहे, काकू.

बायको : पाठीत दोन बोटं? म्हणजे मी सुटणार हे गृहीतच धरून चालला होता?

शिंपी : सगळ्यांनाच सोडतो मी.

बायको : सगळ्यांची पाठ तुम्ही वाढदिवसाला सायकलवर नाही बसवत! काल रात्री मी अंधारात माझीच शीर शोधत बसले होते. स्वतःच्या मनगटावर. आता काय करायचं, टेबलावर बसून पावत्या फाडायच्या का, असं मनात येत होतं. ...कळलं केव्हा तुम्हाला?

शिंपी : तू दुसऱ्या फेरीला असताना.

बायको : मी त्यानंतर बऱ्याच मारल्या.

शिंपी : हो.

बायको : मग तेवढ्या वेळात काय करत होता?

शिंपी : सांगू की नको ते ठरवत होतो. शिव्या दे.

बायको : एवढे घाबरता?

शिंपी : एवढा घाबरतो.

बायको : मीही घाबरते. उतारावर. दोन्ही ब्रेक धरून देवाचं नाव घेत उतरते.

शिंपी : मग जातेस कशाला?

बायको : कसं सांगू? दिवसभर माझ्यासमोर माणसं बसतात ना, ती सगळी तोंड फिरवून बसतात. सुई बघवत नाही म्हणून. मी बोलते ती त्यांच्या कानाशी. सायकलवर असले की समोरून येणारा माणूस सरळ माझ्या तोंडाकडे बघतो. कुणी हातही करतं. ओळख ना पाळख.

शिंपी : हे कधी बोलली नाहीस.

बायको : तुम्हीपण तोंडात टाचण्या धरून असता. तुमच्याशी बोलायचं म्हणजे नुसतं हं.

दुकानवाली : काका, आता काय करू ते सांगा. हिचा गळा, म्हणजे हँडल धरतो तो तुकडा, आखूड लावला तर हँडल थोडं जवळ येईल. पण ते म्हणजे मोठ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून घालण्यासारखं.

शिंपी : छे, तसलं काम नको. बाही दुमडली तरी खांदा उतरलेला तो उतरलेलाच.

दुकानवाली : मग ही बदलून घ्या. काकूंच्या मापात माझ्याकडे दोन आहेत. ही काळी शर्यतीच्या वळणाची, पळेल छान, पण वाकून बसावं लागेल. आणि ही करडी. हँडल वर आहे, टायर जाड आहेत, खड्ड्याचा दणका हातापर्यंत येत नाही. चढाला सोपे गिअर.

बायको : काळी काय सुंदर आहे गं!

शिंपी : सुंदरच आहे. घे की.

बायको : डबा कुठे ठेवू तिच्यावर? ऍप्रन?

दुकानवाली : तिला कॅरिअर लागत नाही. करडीला लागतं, मडगार्डही लागतं. कामावर रोज आणि सुट्टीला दिवसभर, दोन्ही एकीवरच करायचं तर हीच.

बायको : रंग अगदी शाळेच्या गणवेशाचा आहे. पण घडीभराच्या शर्यतीला कुठे जायचंय मला! दिवसभर बसायचंय. करडी दे.

दुकानवाली : काका, काढा टेप गळ्यातला. हँडल लावायच्या आधी मला खरी मापं द्या. कोरडी.

शिंपी : उभी राहा नीट. हात सैल सोड. सैल म्हटलं, सलाम नको ठोकू. ...अगं.

बायको : आता काय?

शिंपी : तू एवढीच आहेस?

बायको : एवढीच आहे. पहिल्यापासून.

शिंपी : परत एकदा धरतो. ...हो. एवढीच.

दुकानवाली : सांगा आकडे. हं. हं. पाठ? हं. आता झालं! बसा, काकू, चढा. कोपर थोडं वाकतंय ना? तेच हवं होतं. खांदे पाडा. वा! रोज वीतभर उंच दिसाल रस्त्यावर.

बायको : मी ही अशीच घरी घेऊन जाते. तुम्ही रिक्षाने या. आणि ते कोटवाले येणार असतील तर आधी फोन करा त्यांना. मी जाता जाता सगळं ऐकत होते. थोडं थोडं.

शिंपी : ताईंना काय कळवू?

बायको : रविवारी उजाडता निघणार, म्हणून कळवा. एकटी नाही, गटातल्या दोघी आहेत. दुपारी कुठे थांबलो की मी फोन करीन. तोवर तुम्ही करायचा नाही. चालेल?

शिंपी : चालेल.

बायको : कात्री बाजूला ठेवून बसा त्या दिवशी. निघाले.

दुकानवाली : ...काय सरळ गेल्या हो! बघा, कोपऱ्यावर पोचल्यासुद्धा. पण काका, या वेळी तुम्ही ओरडला नाहीत. उजवीकडून घे, सांभाळून जा, काहीच नाही.

शिंपी : ओरडलो असतो तर तिनं मागे वळून बघितलं असतं.