कात्रजच्या बांधावरची राहुटी

...नाही, नाही, राहुटी वाईट नव्हती, ते आधी डोक्यातून काढा. सकाळपासून गल्लीत जो भेटतोय तो मला म्हणतोय, "अनंतराव, नीट पारखून घ्यायची होती राहुटी." पारखून? अहो, लोक जावई पारखत नाहीत एवढी पारखली मी ती. बसा जरा, धोतर वाळतंय तोवर सांगतो. उद्या उजाडलं की मला पुन्हा कात्रजला निघायचंय.

आमच्या दफ्तराचे वरिष्ठ दीनानाथपंत. आषाढ लागला, मी आपला कोपऱ्यात बसून कागदांच्या नकला करतोय, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, तर हे समोर येऊन उभे. "अनंतराव, कात्रजच्या नव्या तलावावर जायचं. महिनाभर. पाणी किती चढलं ते रोज सकाळी लिहून पाठवायचं." म्हटलं, "राहायचं कुठे?" "बांधावर, राहुटी ठोकून." म्हटलं, "पंत, पावसात?" तर म्हणतात, "तलाव पावसातच भरतो." आता यावर काय बोलणार, तुम्हीच सांगा.

बरं, काम असं की चुकून चालत नाही. बांध नवा, हा त्याचा पहिलाच मोठा पावसाळा. दगडावर एक शेंदराची खूण केलेली. पाणी खुणेला लागलं की मोरी उघडून जादा पाणी सोडायचं, नाहीतर बांध जाईल आणि खालची तीस घरांची वस्ती त्याच्याबरोबर. पण मोरी उघडायची ती पंतांच्या लेखी हुकमानं. म्हणजे मी लिहिणार, जासूद कागद घेऊन साडेतीन कोस धावत पुण्यात येणार, पंत जेवून उठून हुकूम लिहिणार, जासूद परत धावणार... आणि पाण्यानं तोवर खुणेपाशी हात जोडून उभं राहायचं.

सरकारी राहुट्या सगळ्या फौजेबरोबर गेलेल्या, तेव्हा आपली आपण बघा, पंत म्हणाले. बघायला निघालो. तुम्हाला सांगतो, मी सगळ्यांना एकच विचारत होतो, गळते की नाही, एवढंच सांगा. हो किंवा नाही. पण सरळ उत्तर देईल तर तो पुण्यातला माणूस कसला? आमचे मेहुणे गोपाळकृष्ण, एकदा फौजेबरोबर लिहिण्याच्या कामावर गेले होते, तेव्हापासून घरात सेनापती तेच. "भावजी, दुपदरी घ्या. वरचा पदर पाणी घेतो, खालचा माणूस राखतो." म्हटलं, "तुमची गळत होती का?" तर म्हणतात, "उन्हाळ्यात कशी गळेल?"

घरात ही म्हणाली, "अहो, आत चूल पेटेल का?" म्हटलं, "मी गळतीचं विचारतोय." "आणि पेटली तर धूर कुठून जाईल?"

शेवटी कादर तंबूवाल्याकडे गेलो. तीन पिढ्या तंबू शिवणारं घर. त्यानं आधी मेणकापडाची दाखवली. म्हटलं, गळते की नाही? म्हणाला, "बाहेरचं पाणी आत यायचं नाही, अनंतराव. पण आतली वाफही बाहेर जायची नाही. सकाळी तुमचाच श्वास तुमच्या डोक्यावर ठिबकेल." ठेवली बाजूला. मग एक पातळ कापडाची दाखवली आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच घडी घालून ठेवली. मग दुपदरी काढली. घट्ट विणीचं जाड कापड, छपराला खडा उतार. "पाणी थांबलं की झिरपतं, धावलं की निघून जातं. ही न्या. फक्त एक करा, ओली असताना आतून हात लावू नका. बोट टेकलं की तिथून धार लागते." म्हटलं, "म्हणजे गळते की नाही?" तर तो शांतपणे म्हणाला, "राहुटी नाही गळत. माणसं गळवतात." मला तेव्हा वाटलं, हा उत्तर टाळतोय. साऱ्या पुण्यात तो एकटा खरं बोलला होता, तुम्हाला सांगतो.

घरी आणून अंगणात ठोकली. मी आत पाटावर बसलो आणि बाहेरून ही घागरी ओततेय. अकरा घागरी. एक थेंब नाही! मला भरून आलं. तेवढ्यात गोपाळकृष्ण वाकून आत आले, वर बघितलं, म्हणाले, "इथं जरा ओलसर वाटतंय," आणि बोट लावलं. टप. टप. टप. थेट माझ्या टाळूवर. "बघा," म्हणतात, "मी म्हटलं नव्हतं?"

गेलो कात्रजला. पाऊस कसा? आपल्याकडे वरून येतो, तिथे आडवा येतो. पण राहुटीनं दाद दिली नाही. पहिले दोन दिवस मी आणि माझे कागद ठणठणीत कोरडे. तिसऱ्या दिवशी गेनबा आत आला. गेनबा म्हणजे बांधावरचा राखणदार, पानांचं इरलं पाठीवर घेऊन फिरतो. आला, छपराकडे बघितलं, "मालक, लई झ्याक हाय," म्हणाला आणि कापड चाचपलं. झाली एक धार. मग पाटील आले, "वा, कापड जाड आहे," दुसरी धार. मग जासूद. मग कोणीतरी गोसावी, वाट चुकलेला, त्यानं काठीनं दाबून बघितलं! अहो, ओलं कापड दिसलं की माणसाचं बोट असं शिवशिवतं का? मी प्रत्येकाला सांगतोय, हात लावू नका, आणि प्रत्येकजण हात लावून विचारतोय, "का?" आठव्या दिवशी सात ठिकाणी धारा, सात धारांखाली सात भांडी, आणि मधे मी, मांडीवर कागद घेऊन. तरी लिखाण कोरडं ठेवलं हं. एक अक्षर फुटू दिलं नाही.

नवव्या दिवशी पंत आले. पाहणीला. त्या दिवशी पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. आत आले, बसले आणि पाठीमागे कापडाला रेलले. सबंध पाठ टेकली. म्हटलं, "पंत, जरा पुढे सरकता का?" "का? आम्ही बसू नये तुमच्या राहुटीत?" आता वरिष्ठांना काय सांगू, पाठ काढा? बघता बघता त्यांच्या पाठीमागून पाणी सुटलं ते कागदांच्या गठ्ठ्यात. नऊ दिवसांच्या नोंदींच्या माझ्याजवळच्या नकला आणि कोरे कागद, सगळ्याचा मिळून एक काळा लगदा. पंत पाठ चाचपत म्हणाले, "अनंतराव, ही गळते."

मी बोलणार होतो. काय बोलणार होतो ते इथं सांगत नाही, आत बायकामाणसं आहेत. पण दारात गेनबा आला. "मालक, पानी शेंदराला टेकलं."

मी पंतांना म्हटलं, "लेखी हुकूम द्यावा." म्हणाले, "कागद?" मी लगदा दाखवला. जरा विचार करून म्हणतात, "मग वाळू दे."

तुम्हाला सांगतो, वीस वर्षं चाकरी केली, कधी आवाज चढवला नाही. बाहेर आलो. खाली वस्तीतून धूर निघत होता, कोणाकोणाच्या चुली पेटल्या होत्या. एका घरासमोर एक म्हातारी कोंबड्या आत हाकलत होती. मी म्हटलं, "गेनबा, उघड मोरी. कोणी विचारलं तर माझं नाव सांग." गेनबानं हाक मारून चार गडी जमवले, मोरीची फळी उचलली, आणि पाणी असं गरजत निघालं की बांध पायाखाली थरथरला. मी शेंदराकडे बघत उभा. बराच वेळ काहीच होईना. मग खूण एक बोट उघडी पडली. मग दोन बोटं. मी तिथंच चिखलात बसलो. गेनबानं आपलं इरलं माझ्या डोक्यावर धरलं.

मागून पंतांचा आवाज, "अनंतराव, हे कोणाच्या हुकमानं?" म्हटलं, "माझ्या." "लेखी खुलासा द्या." कशावर लिहू हे विचारायची सोय नव्हती. पाटलांकडून कागद आणवला.

पुढे ऐका. ओढ्याला पूर आला, पुण्याची वाट बंद. तीन दिवस पंत माझ्या राहुटीत. जो एक कोपरा कोरडा होता त्यात ते, माझ्या घोंगडीवर. मी बाहेर, गेनबाच्या इरल्यात उकिडवा बसून खुलासा लिहितोय, आणि दर दोन ओळींनी आतून आवाज, "अनंतराव, अक्षर स्वच्छ काढा."

काल वाट मोकळी झाली. पंतांच्या मागोमाग मीही आलो, कोरडी धोतरं न्यायला. आज दफ्तरात गेलो तर पंतांनी वर सरकारात पाठवायला लिहिलेला कागद नकलायला माझ्याच पुढे ठेवला. 'बांध सुखरूप आहे. आम्ही समक्ष हजर राहून मोरी वेळेवर उघडविली. अनंतराव यांस तेथील हवा मानवली आहे, सबब त्यांस दसऱ्यापर्यंत तेथेच ठेवावे.'

नकलला. स्वच्छ अक्षरात नकलला. उठून निघालो तर मागून हाक मारून म्हणतात, "राहुटी तेवढी बदला हो. आम्ही पुन्हा येणार आहोत."