जाळी काढलेला सायलेन्सर

सायलेन्सरची जाळी काढली की फटफटी जास्त पळते की नाही, यावर तुम्ही कितीही भांडा. माझा मोठा भाऊ दिनू म्हणायचा, पळत नाही, पण आपण आलो हे दुरून कळतं. धंतोलीच्या चौकातला हवालदार त्याला रोज अडवायचा. दिनू हसत तिथेच जाळी बसवायचा आणि पुढच्या वळणावर काढायचा.

दिनू काविळीने गेला. तेरवी झाल्यावर मी त्याची गाडी तशीच फाडफाड वाजवत हिंगण्याला कामावर नेऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात हवालदाराने हात केला.

"जाळी घाल."

"नाही घालत. चालान फाडा."

"काहून गा? लय माज आला?"

"भाऊ मेला माहा. हा आवाज आला का तो आल्यावानी वाटते मले."

हवालदार म्हणाला, "मलेही तोच वाटला. पाहतो तं तू." आणि त्याने हळूच विचारलं, "अन् तुह्या मायले?"

रोज संध्याकाळी माझी गाडी गल्लीत शिरली की माय धावत दारात यायची, आणि मला पाहून काही न बोलता आत जायची. त्याने विचारेपर्यंत मला वाटत होतं, ती माझ्यासाठीच धावत येते.