खोर फक्कानचं गरम पाणी

—नाही हो, भांडण कसलं! कोणी सांगितलं तुम्हाला, दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीने ना? नवरा तिकडे खोर फक्कानला आणि बायको इथे दुबईत, अल मनखूलला, म्हणजे तिच्या मते झालंच, घटस्फोट! हलू नका हं, ईश्वरी — एका हाताने कपाळ वर ताणा, दुसऱ्याने पापणी खाली — हां, अशीच धरा. आणि बोलू नका. बोललात की भुवई हलते, आणि मग महिनाभर नुसत्या आश्चर्य वाटल्यासारख्या दिसाल. बोलायचं काम माझं. बाकीच्या पार्लरवाल्या दोरा दातात धरतात, मी गळ्यात अडकवते — का? दातात धरला तर गप्प बसावं लागतं ना!

तर चारुदत्त. आमचा चारू म्हणजे इतका गरीब माणूस, की टॅक्सीवाल्याने चुकीच्या वळणावर नेलं तरी हा मागे बसून “ओके, ओके” म्हणणार. इंजिनियर आहे, पाण्याच्या पाइपांचा. त्याच्या कंपनीचा साहेब हॉबसन, इंग्रज, तोंड नेहमी उकडलेल्या कोलंबीसारखं लाल. त्या हॉबसनला कुठून कळलं की अबुधाबीचं एक सरकारी खातं ग्रँट देतंय — कशाला? तर हीटिंगला! हसू नका, पापणी धरा. एका ठिकाणी उन्हावर पाणी तापवायचं, तेल जाळायचं नाही, धूर नाही, कार्बन नाही, आणि पाइपाने अख्ख्या वस्तीला घरपोच गरम पाणी. कुठे? खोर फक्कानला, बंदरात काम करणाऱ्यांच्या क्वार्टर्समध्ये. तुम्ही गेल्या महिन्यात आलात, तुम्हाला अजून कळायचंय. जूनमध्ये नळ उघडा — गच्चीवरच्या टाकीतून असं पाणी येतं की सरळ चहापत्ती टाकावी. आपण तर उन्हाळ्यात गीझर बंद करतो आणि त्यात निवलेलं पाणी थंड म्हणून अंगावर घेतो. अशा देशात गरम पाण्याला ग्रँट! खात्याचं तरी काय चुकलं म्हणा — डोंगराकडे थंडीत लागतं थोडं. पण हॉबसनने सगळा प्रोजेक्ट कुठल्याशा थंड देशातून उचलून आणला होता, जसाच्या तसा. त्यात पाइपावर बर्फ साचला तर काय करायचं, याचं एक अख्खं प्रकरण होतं. खोर फक्कानला बर्फ! चारूने ते काढायला सांगितलं, तर साहेब म्हणतो, “राहू दे, जाड दिसतं.”

आता चारू वेडा नाही हं. त्याचं म्हणणं काय, की हिवाळ्यात द्या ना गरम पाणी, पण उन्हाळ्यात त्याच गरम पाण्यावर गार करायचं मशीन चालवा. अशी मशिनं असतात म्हणे — गरम पाणी घालायचं, पलीकडून घरं गार करायला गार पाणी निघतं. मी म्हटलं, ऊन लागलंय तुला. पण खरंच असतात. त्याने ते सगळं मांडून दिलं, नकाशे काढून दिले. हॉबसनने एका फटक्यात उडवलं — का? ग्रँट हीटिंगची आहे. कूलिंगचं नाव काढलं तर खातं म्हणेल, खलास, दुसऱ्या खिडकीवर जा. चारू काय म्हणाला? “ओके.” आणि मीही तेच सांगितलं त्याला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बाबा रे, साहेबाला बर्फ हवाय तर पडू दे बर्फ. नोकरी गेली की व्हिसा गेला, लेकीचं, ईशानीचं, दहावीचं वर्ष, कुठे जायचं आपण? दुसरी बाजू करा. हां.

आणि मग गेल्या ऑगस्टमध्ये, दोन हजार एकच्या, खात्याची माणसं बघायला आली. ऑगस्टमध्ये! नमुना म्हणून एका क्वार्टरमध्ये पाइप आणून ठेवला होता — खैरुद्दीनच्या. आपला रत्नागिरीचा, बंदरावर क्रेन चालवतो. तो ड्यूटीवर, घरात त्याची बायको हाफिजा. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात सात-आठ सूट घातलेली माणसं घामाने निथळतायत. हॉबसन नव्या नळाकडे बोट दाखवून भाषण देतोय. खात्याचे मोठे अधिकारी याकूब साहेब, वयस्कर माणूस, पांढरी दाढी, शांत — त्यांनी हाफिजालाच हिंदीत विचारलं, “गरम पानी अच्छा है?” तिने काय करावं? आपला जुना नळ उघडला, थंडाचा! वाफा! म्हणाली, “साब, गरम पानी तो इधर मुफ्त में आता है. मेरे बच्चे के हाथ पे फोड आया. देना है तो ठंडा दो.” एवढंच. त्यात खोटं काय?

हॉबसन भडकला. “हू इज धिस वुमन? गेट हर आउट!” अहो, तिच्याच स्वयंपाकघरातून! ती बिचारी ओढणी सावरत खरंच दाराकडे निघाली. आणि आमचा चारू — मागे उभा होता, ड्रॉइंगच्या नळकांड्या बगलेत घेऊन — तो म्हणाला, “धिस इज हर हाउस, सर. यू गेट आउट.”

हो! चारू! हाफिजा सांगते, ती दारातूनच परत फिरली. मग याकूब साहेबांनीच चारूला विचारलं, की बाईच्या बोलण्याचं तू काय करू शकतोस? झालं — याने नळकांडी उघडली, तिच्या ओट्यावर पोळपाट बाजूला सारून नकाशा पसरला आणि मराठी-हिंदी-इंग्रजी कालवून सगळं सांगितलं, हिवाळा, उन्हाळा, मशीन. तासभर. हाफिजाने सगळ्यांना सरबत दिलं. हॉबसन बाहेर गाडीत.

घरी आला तर मला म्हणतो काय? “मीटिंग ठीक झाली.” जेवला, झोपला! सकाळी कंपनीतून फोन, पासपोर्टाचं बोलायला या — म्हणजे व्हिसा रद्द, गाशा गुंडाळा. तेव्हा तोंड उघडलं. आणि ईशानी म्हणते, “बाबा, यू रिअली सेड दॅट? सो कूल!” कूल! इथे माझे हातपाय गार पडलेत. मी सुटकेसेस काढल्या, अहो, कढया पेपरात गुंडाळायला घेतल्या. आठवडा गेला. आणि मग खात्याचा निरोप — ग्रँट मंजूर, गरम आणि गार दोन्ही, पण तो स्वयंपाकघरातला माणूस कामावर हवा. मग काय, हॉबसन स्वतः फोनवर, “हबीबी चारू!” हबीबी, लाडका म्हणे! म्हणून तो तिकडे. खड्डे खणणं चाललंय अजून, गुरुवारी रात्री येतो, शुक्रवारी परत. मृणालिनीला सांगा हे.

सगळे म्हणतात, नशीब काढलंस सुजाता, काय धीराचा नवरा! मी पण म्हणते. अभिमान आहेच की मला. नाही कसा? फक्त — डोळा मिटा — त्याच हॉबसनने तीन वर्षांपूर्वी, कंपनीच्या जेवणाला, अबुधाबीच्या हॉटेलात, मला विचारलं होतं, तुम्ही काय करता? मी सांगितलं, घरी पार्लर चालवते. तर तो सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, “म्हणजे बायकांचे केस उपटता!” हसले सगळे. मी चारूकडे बघितलं. तो ती इथली चण्याची चटणी, हुमुस, रोटीला लावत होता. नंतर गाडीत म्हणाला, सोड ना, साहेब आहे. मी सोडलं. खरंच सोडलं होतं हो. पण हाफिजा खरेदीला दुबईत आली, तेव्हा इथे भुवया करायला आली, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत, आणि त्याने कसं सुनावलं ते हातवारे करून सांगायला लागली, मी हसत होते, टाळ्या देत होते — आणि मनात एकच, की आवाज होता तर याच्याकडे. एवढा मोठा आवाज होता. मग त्या दिवशी —

दुखलं का? सॉरी, सॉरी. दोरा जरा जास्तच ओढला गेला. कोरफड लावते, थांबा. नाही, मला काय होतंय? झालं तुमचं, उठा. वरचा ओठ पुढच्या वेळी करू — आज हात नीट चालत नाही माझा.