गजराचं घड्याळ

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या बेकरीचे मालक, मंचावरचे डॉक्टरसाहेब, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती भट्टीदादा, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि दोन्ही पाळ्यांच्या बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय, पण ते आनंदाचे की काळजीचे, हेच कळेनासं झालंय. आत्ताच मानपत्रात वाचलं, दादांनी उभी हयात रात्रपाळीत काढली, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. आपण टाळ्या वाजवल्या. तेव्हा डॉक्टरसाहेब मान हलवत होते, ती कौतुकानं की नकारानं?

गेल्या महिन्यात दादांच्या छातीत कळ आली, तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाब चढलेला, साखर वाढलेली. मी म्हटलं, बेकरीतलं गोड नडलं. डॉक्टर म्हणाले, "तेही असेल, पण हा माणूस झोपतो कधी?" वर्षानुवर्षं झोप अपुरी राहिली की रक्तदाबाला उतरायला सवडच मिळत नाही, साखर आवरत नाही, भूक भलत्या वेळी लागते आणि सगळा भार हृदयावर येतो, असं त्यांनी समजावलं. मी वहिनींना विचारलं, दिवसा झोपतात ना? तर म्हणाल्या, "कुठलं हो भावजी! बेल वाजली की दार उघडायला हेच पुढे."

आता बघा, पीठ फुगायला ठेवलं की हेच दादा त्यावर ओलं फडकं टाकून आम्हाला दटावायचे, "दार आपटू नका रे. निवांत पडू दे त्याला, नाहीतर पाव बसेल." पिठाचं कळणाऱ्या माणसाला स्वतःचं कसं कळलं नाही? आणि आम्हाला तरी कुठे कळलंय? आजची भेट म्हणून आम्ही एकमतानं गजराचं घड्याळ आणलंय.

त्यात मालकांनी आत्ताच जाहीर केलं, की दादांची रात्रपाळी यापुढे माझ्याकडे. मी हसलो खरा, पण हो म्हणालो का, ते आठवत नाही. मालक, रागावू नका. दादांची जागा मिळणं हा मान आहे, पण मला भीती वाटते. ती पाळी एकट्याच्या गळ्यात न घालता आळीपाळीनं द्याल का? दादा, तुम्हीच सांगा ना मालकांना.

दादा?

वहिनी गप्प राहायची खूण करताहेत. डॉक्टरसाहेबांनी नाडी पाहिली. काळजी नको, झोप लागलीय त्यांना.

तर मंडळी, सगळ्यांचे आभार मी हळू आवाजातच मानतो. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. टाळ्या वाजवू नका. आणि जाताना दार आपटू नका.